पाच तारा, पांढरी पाच

न तुटलेली तार कुणी मुद्दाम काढून ठेवत नाही. आमच्या घरात तर नाहीच. आई गायची, घरात मिरजेचा तंबोरा होता, आणि त्याची एखादी तार तुटली की नवी चढेपर्यंत आईला चैन पडायचं नाही. त्यामुळे १९९४च्या पावसाळ्यात सांगलीच्या घरी मी गिटारची सहावी, सगळ्यात जाड, धडधाकट तार खुंटी उलटी फिरवून सैल केली आणि गुंडाळून डब्यात टाकली, तेव्हा आपण काहीतरी वाईट करतोय असंच वाटत होतं. मग पाचवी तार पूर्ण एक स्वर खाली आणली. पहिली तारही तेवढीच. मधल्या तिघींना हात लावला नाही. डाव्या हाताचं एकही बोट तारांवर न ठेवता उजवा हात वरून खाली नेला.

गेली दोन वर्षं जो आवाज मी शोधत होते, तो त्या एका फटक्यात माझ्या मांडीवर होता.

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडची कॅसेट माझ्याकडे बारावीच्या सुट्टीत आली. त्या वयात माणूस शब्दांवर किंवा गायकावर भाळतो. मी भाळले कीथ रिचर्ड्‌सच्या गिटारवर. त्यात वेगाची करामत नव्हती. दोन-तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, मध्ये मोकळी जागा, पुन्हा तेच कॉर्ड. आणि तरी तो आवाज खोलीत उभा राहायचा. मी गाण्यांचं एक छापील पुस्तक मिळवलं. त्यात स्वरांच्या इंग्रजी अक्षरांनी लिहिलेले कॉर्ड बसून पाठ केले. जिथे जी लिहिला होता तिथे जी वाजवला, जिथे सी होता तिथे सी. सगळं बरोबर होतं आणि काहीच तसं वाजत नव्हतं. माझ्या हातात खोट आहे, असं मी धरून चालले होते.

पुण्यात शिकणाऱ्या मावसभावाला हे रडगाणं पत्रात लिहिलं. त्याचं उत्तर पोस्टकार्डावर आलं: 'ताई, जाड तारेकडून मोज. जी डी जी बी डी. सहावी तार काढून टाक. बाकी खुशाल.' ते पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे.

खोट हातात नव्हती, मांडणीत होती. नेहमीसारख्या लावलेल्या गिटारवर आपण जो जी कॉर्ड पहिल्या महिन्यात शिकतो, त्यातले स्वर खालून वर असे येतात: जी, बी, डी, जी, बी, जी. जी हा सा धरला तर सा ग प सा ग सा. म्हणजे खर्जाला अगदी चिकटून गांधार बसलाय, आणि वर पुन्हा एक गांधार आहे. साध्या लाकडी गिटारवर हे गोड लागतं. पण इलेक्ट्रिक गिटारचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, जरा चढवला की खालचा तो गांधार खर्जाशी भांडायला लागतो आणि सगळा कॉर्ड गढूळ होतो. आता पाच तारांची मांडणी बघा: जी, डी, जी, बी, डी. सा प सा ग प. खाली सा आणि प यांच्यामध्ये ऐसपैस जागा, मग वरचा सा, आणि त्याच्याही वर एकच गांधार. कॉर्डचं नाव तेच, स्वरही तेच तीन. कोण कुठे बसलंय एवढाच फरक. गिटारवाले याला व्हॉइसिंग म्हणतात, आणि माझ्या पुस्तकात त्याचा उल्लेखही नव्हता.

सहावी तार का नको, तेही यातच आहे. तिला या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा लावण्याच्या या पद्धतीत, डीवर आणतात, म्हणजे सगळ्यात खाली पंचम येतो. मग कॉर्ड आपल्या सावर उभा न राहता पंचमावर टेकतो. ब्लूजवाले ती तार ठेवतात, अंगठ्याने हवी तेव्हाच वाजवतात. पण कीथ वाजवतो पूर्ण हाताने, सगळ्या तारांवरून. त्याला खाली फक्त सा हवा होता. म्हणून त्याने ती तारच काढली.

हे ट्यूनिंग त्याचं नाही, आणि त्याने तसा दावाही कधी केलेला नाही. पाच तारांच्या बॅन्जोवर हेच स्वर असतात. अमेरिकेच्या दक्षिणेतले ब्लूज गायक एकोणिसाव्या शतकापासून घरोघरी वाजणाऱ्या एका लोकप्रिय तुकड्यावरून याला 'स्पॅनिश' म्हणायचे. हवाईच्या सैल तारांच्या गिटारच्या परंपरेतही हे ट्यूनिंग खूप वापरतात. कीथकडे ते आलं १९६८-६९च्या सुमारास, अमेरिकन गिटारवादक राय कूडरकडून. कूडर तेव्हा लंडनला स्टोन्सच्या ध्वनिमुद्रणांत वाजवायला आला होता, आणि त्याच्याकडून आपण हे उचललं हे कीथने मोकळेपणाने सांगितलंय. हाच कूडर पुढे पंडित विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेसोबत बसला आणि त्या दोघांच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. म्हणजे मी सांगलीत तार काढत होते त्याच वर्षी. हे मला फार नंतर कळलं, पण कळलं तेव्हा आनंदाने अंगावर काटा आला.

आता ती दोन बोटं. स्टोन्स आवडणाऱ्या कुणालाही हे पाच मिनिटांत दाखवता येतं, आणि मी भेटेल त्याला दाखवत आले आहे. पाचव्या पडद्यावर पहिलं बोट आडवं ठेवायचं. सगळ्या तारा दाबल्या गेल्या की सी कॉर्ड झाला. आता सी हा आपला सा. सा प सा ग प. ते आडवं बोट तसंच ठेवून मधलं बोट दुसऱ्या तारेवर सहाव्या पडद्यावर आणि अनामिका चौथ्या तारेवर सातव्या पडद्यावर. गांधाराचा मध्यम झाला, खालच्या पंचमाचा धैवत. एफ कॉर्ड झाला, पण सीच्या पोटात झाला, कारण पाचव्या आणि तिसऱ्या तारेवरचा सा जागचा हललेला नाही. मग ती दोन बोटं उचलायची. मध्यम गांधारावर उतरतो, धैवत पंचमावर. बस. 'स्टार्ट मी अप' हे १९८१चं गाणं सुरू होतं तेव्हा जे ऐकू येतं ते हेच. पाचव्या पडद्यावर, मग सरकून तिसऱ्यावर, पुन्हा तीच दोन बोटं. 'ब्राऊन शुगर'मध्ये हेच आहे, 'हॉन्की टॉन्क विमेन'मध्ये हेच आहे. 'टम्बलिंग डाइस' आणि 'हॅपी'साठी चौथ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, म्हणजे सगळं बीमध्ये जातं, आकार बदलत नाहीत. पाच तारा, तीन स्वर, दोन बोटं असा हिशेब कीथ स्वतःच सांगतो.

या आकारात पहिल्या तारेवरचा पंचम मध्यमाच्या शेजारी तसाच वाजत राहतो. पुस्तकी हिशेबाने तो त्या कॉर्डचा नाही. मला तोच सगळ्यात आवडतो. मध्यम आणि पंचम एकमेकांना खेटून वाजतात, थोडी किरकिर होते, आणि बोटं उचलली की ती मिटते. ती किरकिर काढून टाकून वाजवून बघा. गाणं ओळखू येईल, पण त्यातला जीव गेलेला असेल.

गिटारबद्दल थोडं. कीथची सगळ्यात प्रसिद्ध गिटार म्हणजे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची पिवळसर टेलिकास्टर. तिला डिकन्सच्या एका पात्राचं नाव आहे, मिकॉबर. तिच्या मानेकडचा मूळ पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारं चुंबकी यंत्र, काढून तिथे गिब्सनचा जाडजूड हंबकर पिकअप बसवलाय, तोही उलटा. ब्रिज, म्हणजे घोडी, बदललाय, त्यात प्रत्येक तारेला वेगळी पितळी बैठक आहे आणि सहावीची बैठक काढून टाकलीय. त्याच्या तारा नेहमीच्या संचातल्या नसतात. बारीककडून जाडकडे .०११, .०१५, .०१८, .०३०, .०४२. पाचवी तार नेहमीच्या संचातल्या पाचवीपेक्षा जाड, कारण ती एक स्वर खाली उतरवायची असते आणि बारीक तार उतरवली तर लोंबते, पिकचा फटका बसला की स्वर डळमळतो. माझ्यापाशी तेव्हा साधी, हलकी, गल्लीतल्या दुकानातून घेतलेली गिटार होती आणि तारांचा एकच संच. मी ती काढलेली सहावी तारच पाचवीच्या जागी चढवून पाहिली. ताण जास्त झाला, गिटारची मान थोडी वाकली, पण जे काही महिने ती टिकली ते फार सुखाचे गेले.

अँपच्या बाबतीत मात्र मला इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते सांगतेच.

तंबोऱ्याच्या घोडीला धार नसते. ती सपाट असते, किंचित उतरती, आणि तार तिच्यावरून जाताना तिला हलकी घासत जाते. त्या घासण्यातून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी स्वर जागे होतात. तीच जव्हारी. लहानपणी मी आईबरोबर मिरजेला जायचे तेव्हा जव्हारी काढणारे कारागीर घोडी घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून, कान लावून बसलेले मी तासन्‌तास पाहिलेत. एक केसभर दोरा पुढे गेला की तार बोलायची, मागे गेला की मुकी. गिटारच्या ब्रिजला असलं काही नसतं. तार तिथे धारेवर टेकते, नेमकी सुटते, आवाज स्वच्छ येतो. मग हे वरचे स्वर आणायचे कुठून? अँपमधून. व्हॉल्व्हच्या अँपवर आवाज अशा जागी नेऊन ठेवायचा की हळू छेडलं तर तो स्वच्छ राहील आणि जोरात छेडलं तर कडेने किंचित फाटेल. त्या फाटण्यातून मूळ स्वराच्या वरचे स्वर निघतात. मला ती गिटारची जव्हारीच वाटते. ती फार उघडली की नुसता गोंगाट होतो, फार बंद केली की आवाज मुका. कीथ मंचावर वर्षानुवर्षं १९५०च्या दशकातले जुने फेंडर ट्विन वापरतो ते याच कडेसाठी. तिथे सा प सा ग प ही मांडणी तरते. खाली सा आणि प मोकळे असल्यामुळे फाटलेला आवाजसुद्धा सुरात राहतो.

ही कड त्याने एकदा अँपशिवायही गाठली होती. १९६८च्या 'स्ट्रीट फायटिंग मॅन'मध्ये ऐकू येणाऱ्या गिटार इलेक्ट्रिक नाहीतच. साध्या लाकडी गिटार त्याने फिलिप्सच्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरसमोर वाजवल्या, इतक्या जवळून की त्या बिचाऱ्या यंत्राला तो आवाज पेलवेना, आणि तो चिरडलेला आवाज मग छोट्या स्पीकरवरून वाजवून स्टुडिओत पुन्हा मुद्रित केला. आणि त्याच गाण्यात स्टोन्सच्याच ब्रायन जोन्सने सतार आणि तंबोरा वाजवलाय. शेवटाकडे शहनाईही आहे. मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं आणि मला त्यात तंबोरा आहे हे कळलं नव्हतं. तंबोऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला. कळल्यावर पुन्हा ऐकलं, तर तो तळाशी होता, पहिल्यापासून.

आता आईकडे येते.

मी गायला शिकले नाही. आईने शिकवायचा प्रयत्न केला, मी बसले नाही, आणि त्यावरून आमच्यात बरीच वर्षं एक न बोललेली गोष्ट राहिली. गिटारला तिने विरोध केला नाही, पण ती त्या खोलीत फारशी यायची नाही. सहावी तार काढल्याला आठवडा झाला असेल. मी मोकळ्या पाच तारांवरून हात फिरवत होते, कॉर्ड वगैरे काही नाही, नुसतं ऐकत. आई दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "पांढरी पाच आहे ना गं ही?"

पांढरी पाच. पेटीची पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे जी. आईचा सूर. तिचा तंबोरा आयुष्यभर पांढरी पाचात लागलेला. तिने तो काढला, गवसणी बाजूला ठेवली, खुंट्या पिळून मणी सरकवून लावला, आणि आम्ही एकेक तार जुळवून पाहिली. खर्जाची तार म्हणजे माझी पाचवी. तंबोऱ्याचा पंचम म्हणजे माझी चौथी. जोडाच्या दोन तारा म्हणजे माझी तिसरी. माझ्या खालच्या तीन तारा म्हणजे तिचाच तंबोरा होता, सप्तकासकट.

"गांधार मात्र तू उघडा ठेवलायस," ती म्हणाली. "आमच्याकडे तो आपला येतो." खर्ज नीट लागला की त्याच्यातून गांधार ऐकू यायला लागतो, कुणी न छेडता, तोच स्वयंभू गांधार. मग तिने माझी दुसरी तार एकटी छेडली. चेहरा बदलला. "चढा आहे."

मी ट्यूनर दाखवला. काटा बरोबर मध्यावर. ती म्हणाली, काटा काहीही म्हणू दे, चढा आहे.

तिचं बरोबर होतं आणि काट्याचंही. गिटारचे पडदे पेटीसारखेच सप्तकाचे बारा सारखे भाग करून मारलेले असतात, म्हणजे कुठूनही सा धरला तरी वाजवता येतं. त्यात गांधाराचा बळी जातो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गांधार सापासून ४०० भागांवर येतो आणि तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार ३८६वर. चौदा भागांचा फरक. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्या वादातही पेटीच्या या ठरलेल्या स्वरांवरच मोठा रोख होता. मी दुसरी तार आईच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवत गेले. ती डोळे मिटून तंबोरा छेडत होती. एका जागी तिने मान हलवली. पाचही तारांवरून हात फिरवला तेव्हा गिटारमध्ये ज्या बारीक लाटा उठायच्या त्या बसल्या. आवाज स्थिर झाला. मी त्याआधी कधीही सुरातला मेजर कॉर्ड ऐकलेला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

पण गंमत अशी की त्या तारेवर आता मध्यम उतरा यायला लागला. जी तार गांधारासाठी उतरवली, तिच्याच पुढच्या पडद्यावर तो मध्यम असतो ना. दोन बोटांचा तो आकार बेसूर झाला. यावर आम्ही दोघींनी मिळून बरेच दिवस घालवले. शेवटी सापडलं ते असं: तार पूर्ण चौदा भाग न उतरवता साधारण निम्मी उतरवायची, आणि मध्यमावर मधलं बोट थोडं जास्त दाबायचं, नखभर बाजूला ओढायचं. दाबलेल्या तारेचा स्वर वर जातो. म्हणजे मध्यम बोटाने वर न्यायचा आणि गांधार आपल्या जागी सोडायचा. आजही मी तसंच वाजवते. कुठल्याही ट्यूनरला हे पटत नाही.

७ एप्रिल २००३ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. मी नोकरीला मुंबईतच होते. फार लांबून पाहिलं, आणि जमेल तेवढा वेळ कीथच्या डाव्या हाताकडेच पाहिलं. तो हात जवळजवळ काही करत नव्हता. पहिलं बोट आडवं, दोन बोटं खाली येतात, उठतात. सगळं काम उजव्या हातात आणि न वाजवलेल्या जागांमध्ये. मागे ड्रमवर चार्ली वॉट्स बसलेला, दर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट या झांजेवरून उजवा हात उचलत, जणू स्नेअर ड्रमला तेवढी जागा करून देत. बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमच्या मागे जातात. इथे ड्रम गिटारच्या मागे जातात, आणि त्यातून जो किंचित ओढा तयार होतो तो दुसऱ्या कुणाला जमलेला मी ऐकला नाही. शेजारी दुसरा गिटारवादक रॉनी वूड. दोन गिटारनी एकमेकींत गुंफत वाजवण्याला कीथ विणकाम म्हणतो. चार्ली २०२१मध्ये गेला. तो हात उचललेला मला अजून दिसतो.

आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. बोटं दुखतात, तंबोरा खाली झोपवूनच छेडते. मी महिन्यातून एकदा सांगलीला जाते आणि गिटार नेते. आता चांगली गिटार आहे, पाच तारांची. नटवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीवर, सहावीची खाच रिकामी. आईला स्टोन्सचं गाणं म्हणून काही ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायचंही नाही. तिला त्यातली एकच जागा हवी असते. ती तंबोरा छेडायला लागते. मी त्याच्यावर दोन बोटांचा तो आकार धरते, मोकळ्या तारांवर, खाली पांढरी पाचाचा सा चालू. मध्यम आणि धैवत वाजत राहतात. सवयीने माझी बोटं लगेच उठायला बघतात, तर ती हात वर करते.

"थांब," ती म्हणते. "राहू दे त्याला तिथे."

मी पुन्हा छेडते. मध्यम पंचमाशी खेटून किरकिरतो. तंबोरा एक फेरा पुरा करतो, दुसरा करतो.

"अजून नाही."

तिसरा फेरा. खर्ज वाजतो, आणि त्याच्यातून तो गांधार यायला लागतो, कुणी न छेडलेला.

"हं. आता उतर."

मी दोन बोटं उचलते.